तिकीट कुठे संपलं?

जुलैचा शेवटचा आठवडा. सिरसाळ्यातलं एक सेवा केंद्र. टेबलावर सातबारा, आठ-अ, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्सची चळत, रांग दाराबाहेर गेलेली आणि खरिपाच्या पीक विम्याची ३१ जुलै तोंडावर. संगणकावर गोल फिरतंय. केंद्रचालक सकाळपासून एकच वाक्य म्हणतोय, "सर्व्हर डाऊन आहे, काका." रांगेतले एक काका तितक्याच शांतपणे विचारतात, "मग कधी येतंय सर्व्हर?" पावसाबद्दल विचारावं तसं.

मी माझ्या कामाला गेलो होतो. चार दुकानं सोडून दुसऱ्या केंद्रावर, वेगळ्या कंपनीच्या जोडणीवर, तेच अर्ज भरले जात होते. म्हणजे सर्व्हर जागेवरच होता. केंद्रचालकाची परवानगी घेऊन त्याच्या संगणकावर एक ओळ टाइप केली. दोन टप्प्यांवरून उत्तर आलं आणि पुढे नुसत्या चांदण्या, म्हणजे उत्तर नाही. वाट गावाबाहेर पडायच्या आतच तुटली होती. राउटरवर लाल दिवा नसल्यामुळे आपल्याकडचं सगळं ठीक आहे, असं केंद्रचालक धरून चालला होता. कंपनीला फोन गेला, आणि दुपारी कळलं की रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने केबल उचलली होती.

"वायफाय जोडलेलं दिसतं, पण साइट उघडत नाही. दोष कुणाचा? फोन कुणाला करायचा?" हा प्रश्न सेवा केंद्रवाले विचारतात, सीईटीचे फॉर्म भरणारी मुलं विचारतात आणि पुण्याची नोकरी गावातून करणारी मंडळी तर रोज विचारतात. उत्तर द्यायला इंजिनिअर लागत नाही. तुमच्या संगणकात एक फुकटची आज्ञा आधीपासून आहे. विंडोजवर तिचं नाव ट्रेसर्ट, लिनक्स आणि मॅकवर ट्रेसरूट. ती नेट दुरुस्त करत नाही. वाट कुठपर्यंत जाते तेवढं दाखवते.

टप्प्याटप्प्याचं तिकीट

एसटीचं भाडं टप्प्यावर असतं, सहा किलोमीटरला एक टप्पा, हे तुम्हाला माहीत आहे. आता अशी कल्पना करा, की परळी-बीड रस्ता पुढे कुठपर्यंत चालू आहे ते तुम्हाला सिरसाळ्यात बसून शोधायचंय. तुम्ही एका माणसाला एकाच टप्प्याचं तिकीट काढून गाडीत बसवता. तिकीट संपलं की कंडक्टर त्याला उतरवतो आणि तो तिथून फोन करतो: "मी इथे उतरलो." दुसऱ्याला दोन टप्प्यांचं तिकीट, तिसऱ्याला तीन. तेलगावहून फोन येतो, वडवणीहून येतो आणि त्यानंतर कुणाचाच येत नाही. गडबड कुठून पुढे आहे ते कळलं.

ट्रेसर्ट हेच करतं. नेटवर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. आकडा शून्य झाला की तो राउटर पाकीट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला "तुमचं पाकीट इथे संपलं" असं कळवतो. ही सोय मुळात पाकिटं जाळ्यात कायमची गरगरत राहू नयेत म्हणून होती. अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत काम करणाऱ्या व्हॅन जेकबसन यांनी १९८७ साली तिचा उपयोग वाट शोधायला केला. एवढा सिद्धांत पुरे.

आधी दिवे बघा

आज्ञा द्यायची काळी खिडकी उघडण्याआधी दोन मिनिटं खालच्या गोष्टींना द्या. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असं माझं मत आहे.

- फायबरच्या डब्यावर "लॉस" नावाचा दिवा लाल आहे का? असेल तर तुमच्या घरापर्यंत येणारा प्रकाशच थांबलाय. ट्रेस काढू नका, थेट तक्रार करा. फक्त आधी डब्यामागची पिवळी किंवा पांढरी बारीक वायर दुमडलेली नाही, उंदराने कुरतडलेली नाही, एवढं बघून घ्या.
- रिचार्ज संपलाय का? हसू नका. मुदत संपल्यावर वायफाय जोडलेलंच दिसतं.
- तुमच्याकडे इन्व्हर्टरवर लाइट आहे, पण चौकातल्या पेटीत आहे का? लोडशेडिंगच्या वेळेलाच नेट जात असेल तर गुन्हेगार सापडल्यात जमा आहे.
- मोबाइलचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर तीच साइट उघडून बघा. तिथेही उघडत नसेल तर संशय साइटवर. तिथे उघडत असेल तर पुढे वाचा.

आज्ञा कशी द्यायची

इथे आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीतच टाकायचे.

१. विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा, चौकटीत सीएमडी ही तीन अक्षरं टाका, एंटर मारा. काळी खिडकी उघडेल. ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही.

२. आयपीकॉन्फिग, म्हणजे आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी, असं टाइप करा. उत्तरात "डीफॉल्ट गेटवे" समोरचा आकडा कागदावर लिहून घ्या. बहुधा तो १९२.१६८.१.१ सारखा असतो. हा तुमचा स्वतःचा राउटर.

३. आता पिंग, एक जागा सोडून तो आकडा. उत्तर आलं नाही, किंवा वेळ शंभर-दोनशे मिलिसेकंद दाखवतोय, तर बिघाड तुमच्याच घरात आहे. राउटरपासून दूर बसला असाल, मध्ये दगडी भिंत असेल, तर जवळ जाऊन किंवा वायर लावून पुन्हा करा.

४. मग मुख्य आज्ञा: ट्रेसर्ट, जागा, उणे चिन्ह आणि लगेच डी, जागा, ८.८.८.८ (हा गूगलचा पत्ता). ट्रेसर्टचं स्पेलिंग टी-आर-ए-सी-ई-आर-टी. "उणे डी" घातल्याने आज्ञा प्रत्येक टप्प्याचं नाव शोधत बसत नाही आणि काम लवकर होतं.

५. शेवटी तीच आज्ञा, पण ८.८.८.८ ऐवजी न उघडणाऱ्या साइटचा पत्ता घालून. पुढे लावायचं एचटीटीपीएस आणि तिरक्या रेघा गाळा, नुसता पत्ता हवा. पीक विम्याचा असेल तर पीएमएफबीवाय डॉट जीओव्ही डॉट इन.

प्रत्येक टप्प्यावर तीन माणसं पाठवली जातात, म्हणून तीन वेळा दिसतात. उत्तर न देणाऱ्या प्रत्येकासाठी विंडोज चार सेकंद थांबतं, म्हणजे चांदण्यांच्या एका ओळीला बारा सेकंद. तीस टप्प्यांची मर्यादा असते. एकामागून एक चांदण्याच येत राहिल्या तर पाचेक मिनिटं जातील. कंटाळा आला तर कंट्रोल आणि सी दाबून थांबवा. पण पाच-सहा ओळी चांदण्या येईपर्यंत तरी धीर धरा.

मोबाइलवरच काम भागवायचं असेल तर प्ले स्टोअरवर अशी फुकट ॲप आहेत. पिंगटूल्स त्यातलं एक. जिओच्या जोडणीवर आकड्यांऐवजी २४०५ किंवा २४०९ने सुरू होणारे, मध्ये दोन-दोन टिंबांचे लांबलचक पत्ते दिसले तर बावचळू नका. ती पत्त्यांची नवी पद्धत आहे, वाचायचं तसंच.

ओळी वाचायच्या कशा

नमुना म्हणून एक वाट घेऊ. आकडे समजावण्यापुरते आहेत.

१ — १, १, १ मि.से. — १९२.१६८.१.१
२ — ४, ५, ४ मि.से. — १०.२०.०.१
३ — ६, ६, ७ मि.से. — १००.७२.०.९
४ — चांदणी, चांदणी, चांदणी
५ — १९, २०, १९ मि.से. — २०३.०.११३.५
६ — ८८, २०, ९१ मि.से. — २०३.०.११३.१८
७ — २०, २१, २० मि.से. — ८.८.८.८

पहिली ओळ तुमचा राउटर. दुसरी ओळ १०ने सुरू होते, तिसरी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातली आहे. दोन्ही कंपनीच्या अंगणातल्या आहेत, बाहेरच्या जगाला न दिसणाऱ्या. कंपन्या पुष्कळ गिऱ्हाइकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवतात, म्हणून हे पत्ते. पाचव्या ओळीपासून खुला रस्ता लागतो.

चौथ्या ओळीतल्या चांदण्या बघून पुष्कळजण इथेच बिघाड म्हणून बोट ठेवतात. चूक. पाचवी, सहावी, सातवी उत्तर देतायत, म्हणजे गाडी चौथ्या थांब्यावरून सुखरूप पुढे गेलीय. तिथला राउटर फक्त फोन करत नाही. कुणी मुद्दाम बंद ठेवतं, कुणी ठरावीक संख्येपेक्षा जास्त उत्तरं देत नाही.

सहावी ओळ तर त्याहून फसवी. ८८, ९१! पण सातवी पुन्हा वीसवर आलीय. सहाव्यावर खरोखर कोंडी असती तर त्याच्यामागे गेलेल्यालाही उशीर झाला असता. राउटरचं खरं काम पाकिटं पुढे ढकलणं. "तुमचं इथे संपलं" हे पत्र तो हात रिकामा झाला की लिहितो. उशीर पत्राला झाला, रस्त्याला नाही.

म्हणून एकच कसोटी लक्षात ठेवा: उशीर किंवा गळती एका ओळीत सुरू झाली आणि शेवटच्या ओळीपर्यंत टिकली, तरच ती खरी. तिसऱ्या ओळीत सहा, चौथीत एकशे ऐंशी, पाचवीत एकशे ऐंशी, शेवटी एकशे नव्वद, तर तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये काहीतरी आहे.

आणखी काही चेहरे ओळखीचे करून घ्या:

- पहिलीच ओळ चांदण्या, पुढच्या बरोबर: काही राउटर स्वतः उत्तर देत नाहीत. चिंता नको.
- पहिल्या दोन ओळी १९२.१६८च्या: तुमच्या राउटरमागे आणखी एक राउटर आहे. कंपनीच्या डब्याला तुम्ही विकत आणलेला दुसरा राउटर जोडला की असं होतं. चालतं, पण तक्रार सांगताना गोंधळ उडतो. तपासणीपुरता दुसरा काढा.
- तेच दोन पत्ते आलटूनपालटून तीसपर्यंत: दोन राउटर एकमेकांकडे बोट दाखवतायत. हा घोळ तुमच्या हातातला नाही, कंपनीने निस्तरायचा आहे.
- ८.८.८.८ला वाट नीट जाते, पण साइटचं नाव दिल्यावर "नाव सापडत नाही" असं सांगते: रस्ता ठीक, फोनबुक बिघडलंय. राउटरमधली या फोनबुकची, म्हणजे डीएनएसची, जागा ८.८.८.८ किंवा १.१.१.१ अशी बदलून बघा.
- "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" असं तुमच्याच संगणकाच्या पत्त्यावरून आलं: तुम्ही वायफायवरून उतरलेले आहात किंवा वायर सुटलीय.

सरकारी साइटचा चकवा

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. सरकारी साइटचा आणि बँकेचा पत्ता देऊन ट्रेस काढला की आठ-दहा ओळींनंतर चांदण्याच येतात आणि तीसपर्यंत येत राहतात. "बघा, सर्व्हर डाऊन!" असं म्हणून मंडळी मोकळी होतात. त्याच क्षणी ती साइट दुसऱ्याच्या मोबाइलवर मजेत चालू असते.

कारण साधं आहे. अशा ठिकाणी दारावरचा पहारेकरी, म्हणजे फायरवॉल, चौकशीची पाकिटं आतच घेत नाही. अर्ज भरायला आलेल्यांना तो सोडतो, "किती वेळ लागतो" विचारायला आलेल्यांना हाकलतो. म्हणून शेवटच्या चांदण्यांवरून निकाल देऊ नका. दार वाजवून बघा.

विंडोजमध्ये पॉवरशेल उघडा आणि टेस्ट, जोडरेघ, नेटकनेक्शन असं लिहून पुढे साइटचा पत्ता, मग उणे चिन्हासह पोर्ट आणि ४४३ टाका. ४४३ हा सुरक्षित साइटचा दरवाजा. उत्तराच्या शेवटी "टीसीपी टेस्ट सक्सीडेड" समोर "ट्रू" आलं, तर तुमच्यापासून त्या दारापर्यंतचा रस्ता चालू आहे. तरीही पान उघडत नसेल, किंवा ५०२, ५०३, ५०४ यांपैकी आकडा दाखवत असेल, तर आता बेधडक म्हणा, तिकडच्या बाजूला ओझं झालंय. राउटर बंद-चालू करून काही होणार नाही. मुदतीचं काम असेल तर तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. पुढे दाद मागायची वेळ आली तर हातात काहीतरी असेल.

"फॉल्स" आलं, आणि मोबाइल डेटावर साइट उघडते, तर अडचण तुमच्या कंपनीच्या वाटेत.

वेग वेगळा, वेळ वेगळा

ट्रेसर्ट वेग मोजत नाही. शंभर एमबीपीएसच्या प्लॅनवर दहाच मिळतायत का, हे त्यातून कळणार नाही. ते मिलिसेकंद जाऊन-येऊन लागलेला वेळ सांगतात. त्यातही मेख आहे: जाताना कुठून गेलं ते दिसतं, येताना कुठून आलं ते दिसत नाही. ती वाट वेगळी असू शकते.

किती वेळ म्हणजे बरा, याचा अंदाज अंतरावरून बांधा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे शंभर किलोमीटर जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. सिरसाळ्याहून मुंबई सरळ रेषेत पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेत थांबेही आहेत. तरी पंधरा ते तीस मिलिसेकंद आले तर तक्रारीला जागा नाही. सिंगापूरला साठच्या आगेमागे आणि युरोपला सव्वाशेच्या आसपास लागतात. अमेरिकेला दोनशे किंवा त्याहून जास्त. हे बिघाड नव्हेत, अंतर आहे.

८.८.८.८ म्हणजे अमेरिका, असा समजही काढून टाका. गूगलने तोच पत्ता जगभर अनेक ठिकाणी लावून ठेवलाय, जवळचा उत्तर देतो. त्यामुळे ८.८.८.८ वीस मिलिसेकंदात आणि लंडनच्या कंपनीचं काम मात्र रांगत, असं होऊ शकतं. ६ सप्टेंबर २०२५ रोजी तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या, तेव्हा असंच झालं. मुंबईत किनाऱ्याला लागणाऱ्या दोन केबल, एसएमडब्ल्यू-४ आणि आयएमईडब्ल्यूई, त्यात होत्या. देशातल्या साइट धडधडत होत्या आणि युरोपकडची वाट लांबच्या वळशाने जात होती. अशा दिवशी गावातल्या केबलवाल्याशी भांडून उपयोग नाही.

संध्याकाळी सात ते अकरा नेट रांगतं आणि पहाटे पळतं, अशी तक्रार असेल तर एकच ट्रेस पुरत नाही. दुपारी एक, रात्री नऊला एक, असे दोन-तीन दिवस काढा. रोज रात्री त्याच ओळीपासून पुढे आकडे फुगत असतील तर कंपनीने वरच्या वाटेत जागा कमी घेतलीय. तिथे पाथपिंग ही आज्ञाही कामाला येते. ती आधी वाट काढते, मग प्रत्येक टप्प्याला शंभर पाकिटं पाठवून किती गळली ते सांगते. एका टप्प्याला पंचवीस सेकंद, म्हणजे दहा टप्प्यांना चार मिनिटांहून जास्त. तोवर चहा होतो. लिनक्सवाल्यांनी एमटीआर वापरावं, ते जास्त सोयीचं आहे.

मग फोन कुणाला?

- पहिल्या ओळीतच रडारड: तुमचा वायफाय, वायर किंवा राउटर. स्वतः बघा.
- दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपर्यंत जाऊन थांबलं, आणि कुठलाच पत्ता चालत नाही: गावातला जोडणीवाला. त्याला "नेट चालत नाही" एवढंच न सांगता "दुसऱ्या टप्प्याच्या पुढे जात नाही, दिवा हिरवा आहे" असं सांगा. लाइनमन तुमच्या घरी चक्कर मारण्याऐवजी थेट तुटलेल्या जागेकडे जाईल.
- कंपनीच्या अंगणापलीकडे अडलं, काही साइट चालतात, काही नाही: कंपनीचं मुख्य तक्रार केंद्र. गावातल्या माणसाच्या हातात ते नाही.
- ४४३चं दार उघडतं, पान नाही: साइटवाल्यांची मदतवाहिनी, नाहीतर थांबणं.

जेसीबीबद्दल दोन शब्द. खोदण्याआधी जमिनीखाली कुणाच्या केबल आहेत ते विचारता यावं म्हणून केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी "कॉल बिफोर यू डिग" हे ॲप आणलं. नळाच्या पाइपलाइनसाठी किंवा गटारासाठी चर खणणाऱ्या ठेकेदाराला ग्रामपंचायतीने ते वापरायला लावावं. आणि ग्रामपंचायतींना फायबरने जोडणाऱ्या भारतनेट योजनेच्या पहिल्या टप्प्यांत ग्रामपंचायती बहुतेक ठिकाणी एका सरळ रेषेत, माळेसारख्या जोडल्या गेल्या, त्यामुळे एक घाव बसला की पुढची सगळी गावं अंधारात. ऑगस्ट २०२३मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत, जिचा खर्च १ लाख ३९ हजार कोटींहून अधिक आहे, कडं करून जोडायचं ठरलंय: एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने चालावं. आपलं गाव कड्यात आलं का, हा ग्रामसभेत विचारण्यासारखा प्रश्न आहे.

तक्रार कशी करायची, हक्क काय

पुरावा जपून ठेवा. काळ्या खिडकीतला मजकूर माउसने निवडून एंटर दाबला की तो कॉपी होतो. नोटपॅडमध्ये चिकटवा, वर तारीख, वेळ, वायफाय की वायर, एवढं लिहा. दुसऱ्याला पाठवताना वरच्या ओळीत तुमचं नाव दिसतं का ते बघा, संगणकाला तुमचं नाव दिलं असेल तर तिथे येतं. आणि व्हीपीएन चालू असेल तर बंद करून ट्रेस काढा. चालू ठेवून काढलेला ट्रेस भलतीच वाट दाखवतो.

मग या क्रमाने जा:

१. बिलावर किंवा पावतीवर परवानाधारक कंपनीचं नाव बघा. गावात येऊन पैसे घेणारा बहुधा तिचा भागीदार असतो. जबाबदारी कंपनीची. तोंडी सांगून थांबू नका, कंपनीच्या ग्राहक केंद्रात तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर घ्या. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२च्या तक्रार निवारण विनियमांनुसार हा नंबर देणं बंधनकारक आहे. "सिस्टिममध्ये नोंद झालीय" हे उत्तर चालत नाही.

२. निकाल लागला नाही किंवा पटला नाही, तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करा. मुदत तीस दिवसांची, शुल्क नाही, आणि अपील एकोणचाळीस दिवसांत निकाली काढायचं असतं. ट्रेसच्या प्रती इथे जोडा.

३. तिथेही दाद लागली नाही तर दूरसंचार विभागाचा तक्रार कक्ष आहे. केंद्रीय तक्रार पोर्टलवरून किंवा १०६३ या क्रमांकावरून जाता येतं. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही, तिकडे पत्रं लिहून महिना घालवू नका.

४. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे. टेलिकॉमची भांडणं ग्राहक आयोगात चालतात, असं सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी स्पष्ट केलंय. २०१९च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सिरसाळकरांना बीडला, तक्रार करता येते. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. नुसता सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

एक गोष्ट मोकळेपणी सांगतो. चारशे-पाचशे रुपयांच्या मासिक बिलासाठी आयोगापर्यंत जाणारे थोडे. पण तीन ट्रेस, त्यावर तारखा आणि डॉकेट नंबर एवढं जोडून पाठवलेली तक्रार ग्राहक केंद्रातली मुलं लवकर वरच्या इंजिनिअरकडे सरकवतात, कारण त्यांना पुढे विचारायला काही उरत नाही. "राउटर बंद करून चालू केलात का, सर?" हा प्रश्न तेवढा येणारच, त्याचं उत्तर तयार ठेवा.

आणि आज, नेट व्यवस्थित चालू असताना, एक ट्रेस ८.८.८.८चा आणि एक तुमच्या रोजच्या साइटचा काढून, तारीख टाकून, राउटरशेजारी भिंतीला चिकटवा. नेट जाईल त्या दिवशी शेजारी धरून बघायला चांगल्या दिवसाचा कागद लागतो, आणि तो त्या दिवशी काढता येत नाही.